पांढऱ्या पाटीला नीळ

निवृत्तीनंतर काय करता, असं बाळकुमला नाक्यावर भेटेल तो विचारायचा. मी म्हणायचो, "सूर्य मोजतो." पुढे विचारायची कोणाची हिंमत व्हायची नाही, आणि मला तेच हवं असायचं. भाजी घेताना उभ्या उभ्या आपलं आयुष्य समजावून सांगत बसायचा मला मुळातच कंटाळा आहे.

पण खोटं नव्हतं ते. खरंच मोजायचो.

तीस वर्षं मी ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. शिकवणारे शिकवून जातात. मुलांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर देणारा, आणि त्यांनी तो पाडला की ओरडणारा, तो मी. माझा एकच हट्ट असायचा. कुठलंही रीडिंग घ्यायच्या आधी झिरो एरर बघायची. उपकरण काहीच मोजत नसताना शून्य दाखवतंय का, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग पुढे जायचं. ज्याने बघितली नाही त्याचं जर्नल मी सरळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावायचो. पोरं मागून मला "झिरो एरर काका" म्हणायची. मला कळायचं, आणि खरं सांगतो, आवडायचंही.

त्या पोरांमधलीच कल्याणची एक मुलगी पुढे एका संशोधन संस्थेत पीएचडी करायला लागली. एका रविवारी ती पेढे नाही, काही नाही, दोन पेट्या घेऊन दारात उभी. बायकोने चहा ठेवला आणि ही मुलगी डायनिंग टेबलावर आमच्या स्टीलच्या डब्यांच्या मध्ये हात फिरवून समजवायला लागली. "काका, उपग्रह वरून बघतो. त्याला खालून आलेला उजेड दिसतो. पण त्यातला किती जमिनीवरून उसळून आला आणि किती मधल्या धुळीधुरावरून, ते त्याला वेगळं करता येत नाही. कोणीतरी खाली उभं राहून दोन्ही मोजायला हवं. कल्याणला मी आमच्या गच्चीवर आणि शेजारच्या मैदानात मोजते. ठाण्यात मला गच्ची आणि मोकळी जमीन एकाच जागी हवी आहे."

आमची बिल्डिंग जुनी, चार मजल्यांची. चहूबाजूंना टॉवर. पण मागच्या बाजूला एका बंद पडलेल्या कंपनीचं मैदान तेवढं मोकळं होतं. पावसाळ्यात गवत, दिवाळीनंतर नुसती माती.

"एकच सांगते," ती म्हणाली, "हे मैदान पुढच्या वर्षी नसणार. बिल्डरने घेतलंय. मी चौकशी केलीय, पावसाळ्याच्या आधी भोवती पत्रे लागतील. म्हणजे दिवाळी ते मे, एवढा एकच कोरडा सीझन मला मिळणार. तो गेला की गेला. थीसिसचा अर्धा भाग त्याच्यावर आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मोजणारा माणूस तुमच्यासारखाच हवा."

या शेवटच्या वाक्यावर मी विरघळलो. बायको नंतर म्हणाली, की मी पेटी उघडायच्या आधीच हो म्हटलं होतं. असेल.

एका पेटीत हातात मावेल असं यंत्र होतं. ते गच्चीवर सूर्याकडे धरायचं. स्वतः सूर्याकडे बघायचं नाही, यंत्राच्या छोट्या खिडकीत उजेडाचा ठिपका येतो तो बरोबर गोलात आणायचा आणि बटण दाबायचं. आकडा मोठा आला की वाटेत धूळ जास्त. सूर्याजवळ ढगाचा पुंजका जरी असला तरी थांबायचं. महिन्याभरात माझा हात इतका बसला की येऊरचे डोंगर किती पुसट दिसतात त्यावरून मी आकडा आधीच सांगायचो. आणि तो बहुतेक वेळा बरोबर यायचा.

दुसरं काम खाली मैदानात. लांब दांडीला लावलेलं दुसरं यंत्र आधी एका पांढऱ्या पाटीवर रोखायचं, मग लगेच मातीवर. पाटी म्हणजे चौकोनी पत्रा, त्याला मुलीने स्वतः कसलासा पांढरा लेप दिलेला. पाटी तिच्यावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड परत करते, माती त्याच्या किती टक्के परत करते ते बघायचं. सगळा हिशोब त्या पाटीवर. पाटी म्हणजे या कामातलं शून्य. "तिला हात लावायचा नाही, धुवायची नाही, फक्त मऊ ब्रशने धूळ झटकायची," मुलीने बजावलं. मी घरात तेच चौपट आवाजात बजावलं. वॉचमनला सांगितलं, गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना सांगितलं, आणि पाटी आमच्याच बाल्कनीत कपाटावर ठेवून दिली.

या कामाची एक गंमत अशी, की कपडे गडद घालावे लागतात. पांढरा शर्ट घातला तर शर्टावरचा उजेड मातीवर पडतो आणि आकडा बिघडतो. मी नोकरीत कायम पांढरा शर्ट घालायचो. बॅटरीचं ॲसिड कुठे उडालं ते पांढऱ्यावर लगेच कळतं, असं माझं म्हणणं. आठवड्याच्या पाच शर्टांना तीस वर्षं बायकोने शनिवारी नीळ दिली. अर्धी बादली पाणी, अर्धं टोपण नीळ, शर्ट एकदाच बुडवायचा, सावलीत वाळत घालायचा. एकाही शर्टावर कधी निळा ओघळ दिसला नाही. आता मी काळा टी-शर्ट घालून फिरायला लागलो. शर्ट कपाटात गेले, निळीची बाटली बाथरूमच्या फळीवर मागे गेली. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि एक वही होती. तारीख, वेळ, आकडे, आकाश कसं होतं ते, आणि शेवटच्या रकान्यात "पाटी स्वच्छ, तपासली", तिथे टिक. वही मीच आखलेली. मोठ्या अभिमानाने.

दिवस मस्त चालले होते. सकाळी दहाच्या सुमारास टॉवरची सावली मैदानावरून सरकली की मी खाली उतरायचो. कोलशेत रोडवरचे डंपर धूळ उडवत जायचे, आणि मी ज्या गोष्टीवर आयुष्यभर वैतागलो असतो तीच मन लावून मोजायचो. घरी आल्यावर बायको विचारायची, "आज किती?" मी आकडा सांगायचो. ती म्हणायची, "म्हणजे आज कपडे आत." आमचं बोलणं इतकंच, पण रोज व्हायचं. नोकरीत असताना एवढंही होत नव्हतं. मी सुखात होतो, हे मला तेव्हासुद्धा कळत होतं.

फेब्रुवारीत मुलीचा फोन आला. "काका, तुमची जमीन तांबूस व्हायला लागलीय. लाल उजेडात आकडे वर चाललेत. कल्याणचे नाहीत."

"मग कल्याणचं यंत्र तपास," मी म्हटलं. "इथे चोवीस तास विटा-मातीचे डंपर जातात. लाल नाही होणार तर काय हिरवी होणार?"

"पाटी बघताय ना रोज?"

"रोज टिक आहे," मी म्हटलं, आणि जरा घुश्श्यातच फोन ठेवला. मला विचारते, झिरो एरर बघितली का म्हणून. मला.

होळी झाल्यावर ती संस्थेची चांगली पाटी घेऊन आली. दिवाळीत एकदा दोन्ही पाट्या शेजारी ठेवून ताडून बघितल्या होत्या, तेव्हा जुळल्या होत्या. आता पुन्हा ताडायच्या होत्या. खाली मैदानात तिने एकदा मोजलं, दोनदा मोजलं, मग माझ्याकडून मोजून घेतलं. तिचा चेहरा उतरत गेला. आमची पाटी लाल उजेड कमी परत करत होती. पाटीच कमी परत करायला लागली, तर तिच्याशी ताडून मोजलेली माती उगाच जास्त लाल दिसणार. जमीन होती तशीच होती. बिघडली होती पाटी.

वर येऊन ती टेबलाशी बसली. चहाला हात लावला नाही. "नेमकी कधी बिघडली ते कळलं असतं तर त्याच्या आधीचं तरी वाचलं असतं," ती म्हणाली. "आता दिवाळीपासूनचं सगळं काढून टाकावं लागेल. आणि परत मोजायला मैदान नाही." ती रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो तरी असतो.

माझं डोकं फिरलं. मी वॉचमनवर घसरलो, रंगपंचमी खेळणाऱ्या पोरांवर घसरलो, कबुतरांवर घसरलो. "कोणी हात लावला ते मला कळलंच पाहिजे," मी टेबलावर हात आपटून म्हटलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "मी लावला," ती म्हणाली.

टेबलावरचा हात मी मागे घेतला.

"मला पहिल्यापासून पिवळट वाटायची ती," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, मुलीशी बोलत होती. "संक्रांतीच्या आसपास लावला. हे रोज एवढं जपतात, आणि ती अशी पिवळी. मला बघवेना. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हे डोंबिवलीला बहिणीकडे राहायला जातात ना, तेव्हा मी फडका निळीच्या पाण्यात पिळून तिच्यावरून एकदा फिरवला. घासली नाही हो. नुसता फिरवला. छान पांढरी दिसायला लागली."

मी कपाळाला हात लावला. निळीने कपडा डोळ्याला पांढरा दिसतो, कारण नीळ तांबूस उजेड गिळते. हे तीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये काढलेल्या माणसाला सांगायला नको. "अगं, मी शंभरदा सांगितलेलं, हात लावायचा नाही म्हणून," मी ओरडलो. "मला विचारायचं तरी."

"विचारणारच होते," ती म्हणाली. "म्हटलं आधी तुमच्या लक्षात येतंय का बघू. सोमवारी तुम्ही खालून आलात, काही बोलला नाहीत. मग मी वही उघडून बघितली. तिथे लिहिलेलं, पाटी स्वच्छ, तपासली. आणि पुढे तुमची टिक." आता ती माझ्याकडे बघत होती. "मला वाटलं, आवडलं तुम्हाला. म्हणून फेब्रुवारीत परत केलं. मार्चमध्ये परत केलं. दरवेळी टिक होतीच."

मुलीने वही पुढे ओढली आणि हळूहळू पानं उलटली. मग तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "काका, त्या सोमवारी तुम्ही पाटी बघितलेली?"

"नाही," मी म्हटलं.

"बाकीच्या दिवशी?"

थापा मारता आल्या असत्या. पण समोर बसलेल्या या पोरीचं जर्नल मी दोनदा भिरकावलं होतं. "पहिले पंधरा-वीस दिवस बघितली," मी म्हटलं. "मग नाही. आकडे लिहून झाले की हात आपोआप टिक करायचा. कधीकधी मी घरी येऊन आठवड्याच्या टिका एकदम केल्यात."

तिने वही मिटली. भिरकावली नाही. भिरकावली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बायकोच्या हातून चूक झाली ती झाली, पण तिने निदान पाटीकडे बघितलं होतं.

तेवढ्यात मुलगी अर्धवट उठली. "काकू, तुम्ही म्हणालात दुसरा शनिवार. नक्की? की अंदाजे?"

"अंदाजे कशाला," बायको म्हणाली आणि तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. आमचं कॅलेंडर म्हणजे घराची दैनंदिनी. सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, विरजण कुठल्या दिवशी बिघडलं, सगळं तिच्या बारीक अक्षरात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तिन्ही दुसऱ्या शनिवारच्या चौकोनात लिहिलेलं, "पाटी, नीळ."

"आणि पाणी किती? नीळ किती?"

"अर्धी बादली, अर्धं टोपण. शर्टांना घालायची तेवढीच. फडका चांगला पिळून, एकदाच, वरून खाली. दुसरा हात नाही फिरवायचा, ओघळ पडतात."

मुलगी पहिल्यांदा हसली. तिच्याकडे त्याच लेपाचा उरलेला डबा होता. पुढच्या आठवड्यात तिने तसाच पत्रा घेऊन अगदी तशीच दुसरी पाटी बनवली आणि आमच्याकडे आणली. बाथरूमच्या फळीवरची निळीची बाटली पुढे आली. बायकोने बादली भरली, टोपण मोजलं, फडका पिळला आणि पाटीवरून एकदा फिरवला. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे बाजूला उभे. पाटी वाळल्यावर मैदानात नेली, चांगल्या पाटीशी ताडली, आकडे लिहिले. मग दुसऱ्यांदा नीळ, पुन्हा आकडे. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळचे आकडे आमच्या जुन्या बिघडलेल्या पाटीशी इतके जवळ आले, की मुलीने पेन खाली ठेवलं आणि बायकोचा हात धरला.

"काकू, तुमचा हात दरवेळी सारखाच पडतो," ती म्हणाली. "म्हणून वाचलं. कधी जास्त, कधी कमी घातली असती नीळ, तर काहीच करता आलं नसतं."

म्हणजे असं झालं. दिवाळीपासून जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारपर्यंतचं सगळं जसंच्या तसं चांगलं. त्यापुढे फेब्रुवारीच्या शनिवारपर्यंत एक दुरुस्ती, मार्चपर्यंत दुसरी, मार्चनंतर तिसरी. एक दिवसही टाकावा लागला नाही. तारखांना आधार कॅलेंडरचा. माझ्या टिकांचा रकाना मुलीने लाल पेनने आडवा खोडला, आणि त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहून दिलं की या रकान्यातल्या खुणा न बघता केलेल्या आहेत, धरू नयेत. सही केली. हे मी तिने न सांगता केलं. एवढं तरी मला जमायलाच हवं होतं.

मे संपेपर्यंत आम्ही मोजलं. आता बायकोही खाली यायची, गडद जांभळी साडी नेसून. आकडे मी घ्यायचो आणि पाटी ती बघायची. बघून झाली की म्हणायची, "बघितली." मगच मी लिहायचो. जून लागताच मैदानाला पत्रे लागले आणि दोन दिवसांत मशीनं आली. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. थोडं वाटलं. पण आपलं काम त्याआधी पुरं झालं होतं, हे समाधान त्याहून मोठं होतं. गच्चीवर सूर्य अजून मोजतोच.

दीड-दोन वर्षांनी मुलीच्या तोंडी परीक्षेला तिने आम्हा दोघांना बोलावलं. सकाळी बायकोने कपाटातला पांढरा शर्ट, आदल्या शनिवारी नीळ दिलेला, काढून पलंगावर ठेवला. मी घातला, चप्पल घातली आणि निघालो. रिक्षात बसलो, पोचलो, मागच्या रांगेत जाऊन बसलो.

मुलगी पडद्यावर तक्ते दाखवत होती, आणि एकदम आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीएवढं मोठं होऊन समोर आलं. विरजण बिघडल्याची नोंदसुद्धा दिसत होती. बायकोने पदर पुढे ओढला आणि माझ्या खांद्याआड सरकली. परीक्षक चष्मा वर करून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही घरगुती नोंद कितपत भरवशाची धरायची. मुलगी म्हणाली, "सर, माझ्या सगळ्या नोंदींत मला हिचा जास्त भरवसा वाटतो. जिने लिहिलं, तिने ते काम स्वतः केलं होतं आणि केल्यावरच लिहिलं होतं." परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा तक्ता मागितला. बायको खाली बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

परत येताना माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली. दुपारचं ऊन आत येऊन माझ्या मांडीवर पडलं होतं. मी हात त्या उन्हात धरला आणि बाही उलटीसुलटी करून बघितली. मग कॉलर ओढून बघितली. तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

"शर्ट छान झालाय," मी म्हटलं. "नीळ सगळीकडे सारखी बसलीय."

ती माझ्याकडे वळली. "बघितलात," तिने विचारलं, "की नुसती टिक?"

"बघितला. उजव्या बाहीला बटणाच्या खाली एक निळा ठिपका आहे."

तिने माझा हात ओढून घेतला आणि बाही डोळ्यांजवळ नेली. ठिपका मोहरीएवढा असेल.

"आहे खरा," ती म्हणाली. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, तरी तिने माझा हात सोडला नाही.